ठरलेल्या गोष्टीचा काळ

फोन वाजला तेव्हा निखत फळ्यावर तारीख लिहीत होती. नंबर ओळखीचा नव्हता.

"निखत मॅडम बोलता का? इंग्लिशच्या क्लासवाल्या?"

"हो. आपण?"

"फौजदार नागसेन तायडे. कौंडण्यपूरहून बोलून राहिलो. देवीदास इंगोले तुमचे कोण?"

"माझे विद्यार्थी आहेत."

"विद्यार्थी? मॅडम, हा माणूस तर म्हातारा दिसते."

निखतच्या हातातला खडू थांबला. "दिसते म्हणजे? काय झालं त्यांना?"

"वर्धा नदीत सापडले. घाटाच्या थोडं खाली. पिशवी पायरीवर होती, तिच्यात फोन. शेवटचं बोलणं तुमच्याशी झालेलं दिसते, म्हणून तुमाले लावला. घरचं कोणी हाय का अमरावतीत?"

कोणी नव्हतं. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी हर्षा मेलबर्नला होती. बडनेऱ्याच्या रेल्वे वसाहतीमागच्या घरात देवीदासजी एकटेच राहत. आयुष्यभर मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीनंतर, नातीला मराठी येत नाही म्हणून, स्वतःच इंग्रजी शिकायला निघाले होते. राजकमल चौकाजवळ, एका टेलरच्या दुकानावरच्या त्या खोलीत विशीतल्या पोरापोरींमध्ये ते पहिल्या बाकावर बसायचे.

"मी येते," निखत म्हणाली.

घाट उन्हात पांढरा पडला होता. देवीचं देऊळ वर, नदी खाली, पाणी संथ. मृतदेह नेला होता. नागसेन तायडे चाळिशीचे, जाड मिशांचे, थकल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी निखतला सावलीत बसवलं.

"पाय घसरला असंन," ते म्हणाले. "पायरीवर शेवाळ हाय. दरसाली एकदोन जण जातेच इथं. कपाळावर मार हाय, तो पडतानाचा असू शकते."

"ते आंघोळीला उतरले होते?"

"तसंच वाटते."

"कपडे काढले होते?"

नागसेननी तिच्याकडे पाहिलं. "नाही. पॅन्ट, शर्ट, मनगटावर घड्याळ."

"आणि चपला?"

"पायातच होत्या." त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "बरोबर हाय तुमचं. आंघोळीले जाणारा चपला वर ठेवते."

"एकटेच होते का?"

"देवळाजवळचा चहावाला म्हणते, म्हाताऱ्यानं दोन चहा घेतले अन् घाटाकडे नेले. दुसरा माणूस त्यानं पाह्यला नाही." नागसेननी खिशातून देवीदासजींचा फोन काढला. "हे ऐका. काल संध्याकाळी तुमालेच पाठवलेलं हाय. इंग्लिश हाय, मले सारं नाही समजलं."

निखतनं ते आधी ऐकलेलं होतं. रोज संध्याकाळी प्रत्येकानं उद्याच्या बेताबद्दल चार वाक्यं बोलून तिला पाठवायची, असा तिचा नियम होता. तरी तिनं पुन्हा ऐकलं. देवीदासजींचा खर्जातला, एकेक शब्द रुळावर ठेवल्यासारखा आवाज आला.

"द बस लीव्ज ॲट सेव्हन. आय ॲम मीटिंग माय फ्रेंड ॲट कौंडण्यपूर. वुई आर कमिंग बॅक बाय कार. ही इज टेलिंग द ट्रुथ इन द आफ्टरनून."

"बस सातला निघते," निखत म्हणाली. "मी कौंडण्यपूरला माझ्या मित्राला भेटतो आहे. आम्ही कारनं परत येतो आहोत. दुपारी तो खरं सांगतो आहे."

"कोण मित्र? कसलं खरं?"

"माहीत नाही."

"तुमी इचारलं नाही?"

निखतनं मान खाली घातली. "मी व्याकरण तपासलं फक्त. शेवटचं वाक्य चूक आहे, तिथे 'विल' हवं, असं कळवलं. ही विल टेल. तो सांगेल. खरं बोलणं ही काही भेटीसारखी ठरवून करायची गोष्ट नव्हे, असं मला वाटलं."

"मग?"

"मग त्यांचा एवढाच निरोप आला." तिनं स्वतःचा फोन पुढे केला.

त्यात देवीदासजी मराठीत बोलले होते. "मॅडम, चूक नाही जी. ठरलेलं हाय ते."

निखतनं नदीकडे पाहिलं. काल तिनं तो निरोप ऐकला होता. म्हातारा हट्टाला पेटला, असं समजून ती हसली होती.

"तायडेसाहेब, त्यांना तो धडा फार आवडला होता. मी वर्गात सांगितलं होतं की इंग्रजीत उद्याची गोष्ट बोलायच्या चार तऱ्हा आहेत. वेळापत्रकातली असेल तर साधा वर्तमान: बस लीव्ज. मनात धरलेला बेत असेल तर गोइंग टू. आत्ता, उभ्याउभ्या सुचलं असेल तर विल. आणि जे दुसऱ्याशी बोलून पक्कं झालंय, ते चालू वर्तमानात. ते घडायला सुरुवातच झाली आहे असं बोलायचं. त्याला दोन माणसं लागतात. एकट्याच्या मनातला बेत त्यात बसत नाही."

"मंजे?"

"म्हणजे समोरच्यानं शब्द दिला होता. येतो म्हणून, कारनं आणतो म्हणून. आणि दुपारी खरं सांगतो म्हणूनही."

नागसेननी टोपी काढून कपाळ पुसलं. "पटते मले. पण मॅडम, मी साहेबापुढं व्याकरण घेऊन गेलो, तर मलेच तुमच्या क्लासात पाठवतीन. माणूस कोण, ते नाव द्या."

नाव तिच्याकडे नव्हतं.

हर्षाला तिकीट मिळालं नाही. अंत्यसंस्कार पुतण्यानं केले. तिसऱ्या दिवशी निखतनं वर्ग भरवला, पण शिकवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. पहिला बाक मोकळा होता. खोलीत इंग्रजीशिवाय बोलायचं नाही, हा तिथला नियम. तो मोडावा असं निखतला वाटत होतं, पण शालूनं सुरुवात इंग्रजीतच केली. शालू नर्सिंगची परीक्षा देत होती.

"काका वॉज व्हेरी फनी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग एकेक जण बोलला. गाडी पाच तास लेट असली तरी 'ट्रेन लीव्ज ॲट सिक्स'च म्हणायचं का, वेळापत्रकाले लेट माहीत नसते न मॅडम, असं काका विचारायचे, ते कोणाला आठवलं. ते दवाखान्यात भागीरथाबाईला बघायला जायचे, ते कोणाला आठवलं. भागीरथाबाई बडनेरा रोडवर टोपलीत झेंडूची फुलं विकायची. काका रोज तिच्याकडून बायकोच्या फोटोसाठी फुलं घेत. महिन्यापूर्वी एका पहाटे कोणत्या तरी गाडीनं तिला उडवलं. गाडी थांबली नाही. बाई शुद्धीवर आलीच नाही. काका रोज तिच्या खाटेजवळ बसून यायचे.

"शी ऑल्सो डाइड," शालू म्हणाली. "त्याच आठवड्यात. काका गेले त्याच्या आदल्या रात्री. मी त्याच दवाखान्यात आहे ना, म्हणून कळलं." इंग्रजीचा नियम तिच्या हातून सुटला होता, पण तिला कोणी टोकलं नाही. डोळे पुसून ती पुन्हा नियमावर आली. "बट मॅम, व्हाय ही वेंट अलोन? सो ओल्ड मॅन, सो फार, बाय बस."

मागच्या बाकावरून पियुष बोलला. पियुष काळमेघ, दर्यापूरचा, पुढच्या आठवड्यात शिकायला कॅनडाला जाणार होता. त्यानं मान वर केली नव्हती.

"ओन्ली गोइंग बाय बस," तो हळू म्हणाला. "ही वॉज कमिंग बॅक बाय कार."

कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. शालू नाक पुसत होती. खाली टेलरचं मशीन चालू होतं.

निखत खुर्चीत बसून राहिली.

वर्ग सुटल्यावर तिनं नागसेनना फोन लावला. ते दुसऱ्याच दिवशी अमरावतीत आले आणि पियुषला टेलरच्या दुकानाशेजारच्या हॉटेलात चहाला बोलावलं. निखतही होती. चौकशी नाही, नुसतं बोलायचं, असं नागसेन म्हणाले.

"काकाले शेवटचं कवा भेटला तू?"

"क्लासमध्येच. ते जायच्या आदल्या दिवशी."

"ते गेले त्या दिवशी सकाळी कुठं होता?"

"घरी. दर्यापूरले. बाबा बाजारात गेले होते, मी एकटाच होतो."

"गाडी हाय न तुह्याकडे?"

"हाय, काकांची जुनी... माझ्या चुलत्याची. पण ती अकोल्याले गॅरेजमध्ये होती. दाऊद मिस्त्रीकडे. पंधरा दिवस तिथंच पडून होती."

"काय झालं गाडीले?"

"रोही आडवी आली. दर्यापूर रोडवर. पुढून चेंबली." रोही म्हणजे नीलगाय. त्या भागात रोज कोणाच्या तरी गाडीला ती आडवी येतेच.

"कवा?"

"झाला महिना."

नागसेननी चहा संपवला. "बरं. कॅनडाले कवा निघतो?"

"शुक्रवारी."

"सामान झालं?"

पियुषच्या कपातला चहा बशीत सांडला. "होऊन राहिलं," तो म्हणाला.

तो गेल्यावर नागसेननी निखतला विचारलं, "तुमाले काय वाटते?"

"चांगला मुलगा आहे." निखत म्हणाली. "पहिल्या दिवशी त्याला स्वतःचं नावही नीट सांगता येत नव्हतं. काकांनीच त्याला शेजारी बसवून घेतलं होतं."

"मी चांगला-वाईट नाही इचारलं, मॅडम."

"माहीत आहे."

दोघं जीपनं अकोल्याला गेले. दाऊद मिस्त्रीचं गॅरेज बायपासजवळ होतं. पत्र्याची शेड, काळवंडलेली जमीन, कडेला उघडी बॉनेटं. दाऊदभाई हात पुसत बाहेर आले.

"काळमेघ की गाडी? हां, आई थी. बॉनेट चेंबलेलं, डाव्या बाजूचा दिवा फुटलेला."

"रोहीनं?"

"पोट्टा तर तेच सांगून राहिला होता."

"गाडी किती दिवस होती?"

"दहा-बारा दिवस असंल. दिवा मिळत नव्हता, नागपूरहून मागवला."

"कवा नेली?"

दाऊदभाईंनी शेडमधल्या पोराला हाक मारून विचारलं आणि मग स्वतःच सांगितलं. "ते म्हातारेबाबा नदीत सापडले न, पेपरात आलं होतं? त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी म्हटलं, रंग सुकू दे, दोन दिवसांनी ने. तर म्हणे, नाही, उद्या सकाळीच लागते, शब्द दिलेला हाय एकाले."

नागसेननी निखतकडे पाहिलं नाही.

"आणखी काही आठवते, भाई? गाडी आली तवा?"

"काय आठवायचं, साहेब. धुतलेली होती. फक्त समोरच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या, सुकलेल्या. मी समजलो, लग्नात नेली असंन. नवरदेवाची गाडी." ते हसले. मग दोघांचे चेहरे पाहून थांबले. "काहून? गलत बोललो का काही?"

"नाही भाई," नागसेन म्हणाले. "बरोबर बोलले."

परतीच्या वाटेवर निखतनं एकदाच विचारलं, "शुक्रवारच्या आत?"

"शुक्रवारच्या आतच करा लागंन," ते म्हणाले. "नाही तर तिकडून कोण आणते त्याले?"

गुरुवारी दुपारी निखतनं पियुषला वर्गात बोलावलं. आदल्या रात्री तिनं तीनदा फोन हातात घेतला होता आणि तीनदा खाली ठेवला होता. तो आला तेव्हा खोलीत नागसेन खिडकीशी उभे होते. पियुष दारातच थबकला. मग आत येऊन त्याच्या नेहमीच्या मागच्या बाकावर बसला.

"पुढे ये," निखत म्हणाली.

तो पहिल्या बाकावर आला. रिकाम्या जागेच्या शेजारी.

"पियुष, काकांनी जायच्या आदल्या दिवशी मला चार वाक्यं पाठवली होती. त्यात ते म्हणाले होते की बसनं जातोय आणि कारनं परत येतोय. ते वाक्य मी ऐकलं आणि साहेबांनी ऐकलं. तिसऱ्या कोणाला मी ते सांगितलं नाही. हर्षालाही नाही."

पियुष बाकाच्या कडेकडे बघत होता.

"त्या दिवशी वर्गात शालूनं विचारलं, काका एकटे बसनं का गेले. तू म्हणालास, ही वॉज कमिंग बॅक बाय कार. काका कारनं परत येणार होते. हे तुला कसं कळलं?"

"मी... अंदाजानं."

"अंदाज असता तर 'मे बी' म्हणाला असतास. तू जे बोललास ते ठरलेल्या गोष्टीचं रूप आहे. ठरलं होतं, पण घडलं नाही, असं सांगणारं. ते मी तुम्हाला अजून शिकवलेलंही नव्हतं. तू ते आपोआप बरोबर बोललास, कारण तुला ते माहीत होतं. मराठीत तू काहीतरी रचलं असतंस. इंग्रजी तुझं अजून कच्चं आहे, पियुष. त्यात खोटं रचायला तुला वेळ लागतो. जे मनात होतं ते निघून गेलं."

नागसेन पुढे झाले. "गाडी त्या दिवशी गॅरेजातच होती म्हनला तू. दाऊद मिस्त्री म्हणते, आदल्या संध्याकाळी नेली. शब्द दिलेला हाय म्हणून. अन् जाळीत झेंडूच्या पाकळ्या होत्या."

पियुषनं दोन्ही हात बाकावर ठेवले.

"भागीरथाबाईला तुझ्या गाडीनं उडवलं," निखत म्हणाली. तिला पुढचं बोलवत नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं. "ते तू कोणाला सांगितलं नाहीस. सांगितलं फक्त काकांना. ते रोज तिच्याजवळ बसत, आणि रोज तुझ्याही शेजारी बसत. त्यांनी पोलिसांकडे तुझं नाव दिलं नाही. त्यांना वाटलं, मुलानं स्वतः जावं. तू हो म्हणालास. आधी देवीचं दर्शन, मग दोघांनी मिळून ठाण्यात जायचं. काकांच्या चौथ्या वाक्याचा अर्थ तेवढाच होता. मित्र म्हणजे तू. ही इज टेलिंग द ट्रुथ."

खाली मशीन थांबलं होतं. कोणीतरी बटणं मागत होतं.

"मले खरंच सांगायचं होतं, मॅडम," पियुष म्हणाला. आता तो वऱ्हाडीत बोलत होता. "देवाशप्पथ. म्हणून तर गाडी आणली. पहाटे अंधारात मले ती बाई दिसलीच नव्हती. टोपली आधी दिसली. नुसती फुलं उडाली. मी थांबलो होतो थोडं पुढं जाऊन. मग नाही थांबलो."

"घाटावर काय झालं?"

"काका चहा घेऊन आले. अर्धा पिलो. मग ते म्हनले, बाळा, काल रात्री भागीरथा गेली. ते सांगून मंग म्हनले, चाल आता." त्यानं ओठ चावला. "मले वाटत होतं ती वाचंन. वाचली तर येवढं काही नाही होणार. गेली म्हनल्यावर मी चहा खाली ठेवला. मी म्हनलो, काका, मले जाऊ द्या तिकडं. मी तिथून सांगतो. पत्र पाठवतो. आय विल टेल. शप्पथ, काका, आय विल टेल."

"मग?"

"ते हसले. म्हनले, विल नाही रे. आपलं ठरलं होतं न? माहा हात धरला त्याइनं. प्रेमानंच धरला. मी झटकला."

त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"डोकं पायरीवर आदळलं. पाण्यात गेले. एकदा वर आले होते. माह्याकडे पाह्यलं."

"तुले पोहता येते?" नागसेननी विचारलं.

"येते."

"मग?"

निखतला एकाएकी वाटलं की तिनं हे विचारायला नको होतं, कोणीच विचारायला नको होतं. ही खोली नुसती इंग्रजीची शिकवणी राहिली असती तर किती बरं झालं असतं.

जिन्यावर पावलं वाजली. कोणीतरी काहीतरी जड वर ओढत आणत होतं. दारात धोतर-सदऱ्यातले एक उंच गृहस्थ उभे राहिले. हातात नवी कोरी निळी सुटकेस होती. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"मी नत्थुजी काळमेघ," ते म्हणाले. "पियुषचा बाप. खालीच बसलो होतो दुकानात. म्हटलं, लय वेळ झाला, मॅडमलेच इचारून घेऊ. हे बॅग चालते का जी इमानात? दुकानदार म्हणते चालते, पण आपल्याले काय समजते." मग त्यांना नागसेनची वर्दी दिसली. "काय झालं? पासपोर्टचं हाय का काही?"

पियुष उठला आणि वडिलांसमोर उभा राहिला. त्यानं चार-पाच वाक्यांत सगळं सांगितलं. गाडी, बाई, घाट. नत्थुजींनी सुटकेस खाली ठेवली नाही. ते ऐकत होते तेव्हाही तिचा दांडा त्यांच्या मुठीतच होता.

मग ते निखतकडे वळले.

"मंजे त्या म्हाताऱ्याचं एक वाक्य, मॅडम? येवढ्यावर?"

"गाडीचाही पुरावा हाय, बाबा," नागसेन म्हणाले.

"गाडीचं समजलं. त्या बाईचं समजलं. त्याची सजा घेईन तो. नदीचं म्हणून राहिलो मी." त्यांनी हात जोडले, सुटकेससकट. "तुमी मास्तरीण हा. तुमी सांगा की वाक्य चूक होतं. म्हातारा माणूस, नवीन शिकला, चुकला. कोण काय म्हणंन? पोरगं तिथं गेलंच नव्हतं, असं होऊ शकते न?"

निखतच्या फोनमध्ये तिनं स्वतः लिहिलेलं होतं: वाक्य चूक आहे. कुठल्याही वकिलाला एवढंच पुरेल, हे तिला घाटावर बसल्यापासून माहीत होतं.

"वाक्य बरोबर होतं," ती म्हणाली. "मला तेव्हा कळलं नाही."

नत्थुजींनी मान हलवली, जणू बाजारात कोणी भाव सांगितला आणि तो पटला नाही, पण घासाघीस करायची ताकद उरली नाही.

नागसेननी पियुषच्या खांद्यावर हात ठेवला. जिना उतरताना निखतनं हळूच विचारलं, "पुढे?"

"गाडीचं सिद्ध होईन," ते म्हणाले. "नदीचं सांगता नाही येत. आत्ता तो बोलला, पण माह्यासमोर बोललेलं कोर्टात टिकत नाही. साक्षीदार नाही. चहावाल्यानं पाह्यलं नाही. उद्या वकील आला की म्हणंन, काका घसरले, मी घाबरून पळालो. अन् मॅडम, खरं सांगू? त्याले स्वतःलेही तेच वाटायले लागंन काही वर्षांनी."

जीप चौकातून वळली. नत्थुजी फुटपाथवर उभे होते.

"कुठं नेलं त्याले?" त्यांनी विचारलं.

"कौंडण्यपूरच्या बाजूच्या ठाण्यात."

"तिथं कोणती बस जाते जी? मी तर अमरावतीच्या पलीकडं कधी गेलोच नाही."

निखतनं टेलरच्या पोराला वर्गाला कुलूप लावायला सांगितलं. रस्ता ओलांडताना नत्थुजी गाड्यांकडे न बघताच चालायला लागले, तेव्हा तिनं त्यांचा दंड धरला. त्यांच्या हातातली सुटकेस घ्यायला ती पुढे झाली, पण त्यांनी दिली नाही.

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीपुढे रांग होती. दोघं तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले. नत्थुजींनी एकदा विचारलं, रात्री त्याले जेवायले देतीन न? निखत म्हणाली, देतील. तिला ते माहीत नव्हतं.